ताडोबाची सफारी: डोळ्यांआधी कान

डहाणूच्या मसोलीहून ताडोबाला निघायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा पार करायचा. समुद्र मागे टाकून थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या साग-बांबूच्या रानात.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांतून उघड्या जिप्सी आत सोडतात. सोबत गाईड असतोच, बहुधा जवळपासच्या गावचा. मोबाइल आत वापरता येत नाही. सेल्फीवाले हिरमुसतात, रानाला मात्र बरं.

गाईड वाघ शोधतो तो मुख्यतः कानांनी. मध्येच तो इंजिन बंद करायला लावतो. वाघाची चाहूल लागली की झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण शीळ घालतं. पण चितळ उगाचही बिचकतं, म्हणून तेवढ्यावर गाडी पळवत नाहीत. सांबराचा जाड, घोगरा ‘ढांक’ आला की गाईड ताठ होतो. मग धुळीतला ठसा: कडा ठसठशीत असतील तर ताजा, वर किड्यांच्या रेघा उमटल्या असतील तर जुना.

वाघ दिसेलच, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रानकुत्री, अस्वल, गवा यांच्याकडे पाठ फिरवणारे पर्यटक निम्मं ताडोबा न बघताच परततात. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. आरक्षण त्याआधीच पाहावं.