चकाकी बाहेर, बर आत

नवी एअर रायफल खोक्यातून काढली की नजर आधी दस्त्याच्या पॉलिशवर आणि नळीच्या काळ्या-निळ्या झळाळीवर जाते. गेल्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडला, तर या बंदुकांचे खरे दोष तिथे क्वचितच होते.

१९५१ साली जर्मनीच्या वायराउख कंपनीने एचडब्ल्यू ३५ आणली, तेव्हा पिस्टनवर चामड्याचा वॉशर असे. चामडं सुकतं, त्याला तेल पाजावं लागतं. पण ते सिलिंडरचा खडबडीतपणा पोटात घालतं. पुढे कृत्रिम सील आले आणि हे लाड संपले. सिलिंडरच्या खाचेवर बारीकशी बर, म्हणजे धातू कापताना कडेला उरलेली बोचरी किनार, राहिली तर पिस्टन आत सरकवतानाच नव्या सीलची कड कापली जाते. बंदूक नवी, ताकद मात्र पहिल्याच दिवशी निम्मी.

सीलचा सगळ्यात शिकवून जाणारा किस्सा सत्तरच्या दशकातल्या फाइनवेर्कबाउ १२४चा. रायफल अप्रतिम, घडण बिनचूक. पण सुरुवातीच्या सीलचं प्लॅस्टिक काळाबरोबर आपोआप कुजत गेलं आणि भिजलेल्या बिस्किटासारखं चुरायला लागलं. एकही छर्रा न मारता कपाटात जपलेल्या बंदुकाही त्यातून सुटल्या नाहीत. कारखान्यातला तपासनीस यात काय करणार? त्याच्या टेबलावर तो सील ठणठणीतच होता. वाल्थरच्या जुन्या एलजीव्हीचंही हेच झालं.

इंग्लंडची कथा वेगळी. बर्मिंगहॅमच्या बीएसएने १९०५पासून एअर रायफली केल्या; १९८६ साली ती स्पेनच्या गामोकडे गेली. बर्मिंगहॅमच्याच वेब्ली अँड स्कॉटला २००५च्या अखेरीस टाळं लागलं आणि पुढे ते नाव तुर्कस्तानात बनलेल्या बंदुकांवर आलं. ‘बर्मिंगहॅम गेलं आणि दर्जा गेला’ असं म्हणणारे जुने शौकीन पुष्कळ. मला ते अर्धंच पटतं. किंमत खाली आणायची ठरली की कुठल्याही गावात पहिली कात्री हातकामालाच लागते. लेथ तेवढाच फिरतो, पण कानस घेऊन बर काढणारा माणूस कमी होतो. त्याचं उरलेलं काम गिऱ्हाईक करतं. स्प्रिंग बदलणं, कडा घासणं, चाप हलका करणं, या ‘ट्यूनिंग’वर व्हेनमसारखी नावं बर्मिंगहॅमच्याच परिसरात मोठी झाली. दुसऱ्याच्या अर्धवट कामावर उभा राहिलेला धंदा, दुसरं काय!

काही उणिवांवर मात्र ट्यूनिंगचा उतारा नसतो. चिनी बनावटीच्या काही स्वस्त, स्थिर नळीच्या रायफलींत छर्रा भरताना अडक सुटून सिलिंडर पुढे आपटला आणि बोटं गेली. एअर आर्म्सच्या टीएक्स २००मध्ये लिव्हर टप्प्याटप्प्याने अडकवून ठेवणारे दाते आहेत, ते याच भीतीपोटी.

दुसऱ्या टोकाला स्पर्धेच्या रायफली. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पनवेलच्या नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४००पैकी ४०० गुण मिळवले, ते याच ठिपक्यावर. अशा रायफलीसोबत कारखान्यातच झाडलेल्या गोळ्यांचं चाचणी-लक्ष्य येतं. त्या भल्यामोठ्या किमतीतला एक हिस्सा या तपासणीचा असतो.

आता जमाना भरलेल्या हवेच्या रायफलींचा. स्प्रिंग गेली, पण धातूचा एखादा कीस व्हॉल्व्हच्या बैठकीवर राहिला की रात्रीत हवा गळते. नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटमध्ये असलं काही निघण्याची शक्यता जास्त, म्हणून मी तरी वर्षभर थांबण्याच्या पक्षाचा.

थांबवत नसेल, तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचे स्क्रू आवळून बघा, आणि नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर बर आहे. स्प्रिंगची बंदूक सुरुवातीला धूर काढते, ते जादा ग्रीस जळतं म्हणून. त्याला घाबरू नका. मात्र बर सापडली तर घरी कानस लावू नका, बिलासकट बंदूक दुकानदाराकडे परत न्या.