कावीळ, भुईआवळा आणि चेन्नईची ती चाचणी

पावसाळा सुरू झाला की कुणाच्या तरी घरी कावीळ येतेच. डोळे पिवळे दिसले की आधी सल्ले सुरू होतात. कुणी काविळीची माळ घालायला सांगतं, कुणी भुईआवळ्याचा रस द्यायला सांगतं. आठ-पंधरा दिवसांत रुग्ण बरा होतो आणि श्रेय माळेला किंवा रसाला मिळतं. पण खरंच त्यांनीच बरं केलं का? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न चेन्नईत झाला.

पानाखालचा आवळा

भुईआवळ्याला तमिळमध्ये ‘कीळानेल्ली’ म्हणतात. ‘कीळ’ म्हणजे खाली आणि ‘नेल्ली’ म्हणजे आवळा. याची बारीक फळं पानांच्या खालच्या बाजूला लागतात. आपल्याकडे अंगणात, शेताच्या बांधावर पावसात उगवणारी तीच ही वनस्पती. तमिळनाडूतही कावीळ झाली की पिढ्यान् पिढ्या तीच दिली जाते.

मद्रास विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परंपरा प्रयोगशाळेत तपासायचं ठरवलं. त्यांच्यासोबत अमेरिकेचे बारुख ब्लुमबर्ग होते. हिपॅटायटिस ‘बी’ची ओळख पटवणारा रक्तातला घटक, म्हणजे पृष्ठभागावरचं प्रतिजन, त्यांनीच शोधला होता. त्यासाठी त्यांना १९७६चं नोबेल मिळालं. रक्तपेढीत आज प्रत्येक बाटली ज्यासाठी तपासली जाते, ते हेच प्रतिजन.

आशा आणि फेरतपासणी

१९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चेन्नईचा निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या रक्तात ‘बी’ विषाणू आधीपासून मुक्काम करून होता, अशा लोकांना ३० दिवस भुईआवळ्याचं औषध दिलं होतं. नंतरच्या तपासणीत ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातलं प्रतिजन नाहीसं झालेलं आढळलं. ज्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं काही दिलं होतं, त्या २३ जणांपैकी फक्त एकाचं गेलं होतं.

जगभर आशा निर्माण झाली. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. थायलंडमध्ये तसा गुण दिसला नाही. मुंबईतल्या संशोधकांनी दोन टप्प्यांत चाचणी केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसारही प्रतिजन गेलं नाही. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही खात्रीचा पुरावा हाती लागला नाही.

चेन्नईचं काम मग वाया गेलं का? अजिबात नाही. घरोघरी चालणाऱ्या उपायाला त्यांनी रक्ततपासणीची कसोटी लावली, आणि म्हणूनच इतरांना तो पुन्हा तपासून पाहता आला.

कावीळ एक, कारणं अनेक

कावीळ हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात आणि बहुतेकांना आपोआप बरे होतात. माळेला आणि रसाला यश मिळतं ते बहुधा इथेच. मात्र ‘ई’ची लागण गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतू शकतं.

‘बी’ आणि ‘सी’ रक्तातून पसरतात. ‘बी’ आईकडून बाळाला आणि लैंगिक संबंधातूनही होतो. हे दोन्ही वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. अनेकदा डोळे पिवळे होतच नाहीत. म्हणून नुसतं बिलिरुबिन पाहून भागत नाही. कोणता विषाणू आहे, हे वेगळ्या तपासणीतूनच कळतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ‘बी’ची लस द्यायला विसरू नका.

मग पालेभाजी कशासाठी?

पोटासाठी, रक्तासाठी आणि रोजच्या ताकदीसाठी! चेन्नईच्या बाजारात ‘कीरै’च्या, म्हणजे पालेभाज्यांच्या, जुड्यांचे ढीग असतात. त्यांतले कितीतरी प्रकार आपल्या माठ-तांदुळजाचेच भाऊबंद आहेत.

या देशी भाज्यांवरही पैदासकारांनी मेहनत घेतली आहे. चांगली रोपं निवडून, त्यांचं बी पिढी दर पिढी वाढवून नवे वाण तयार होतात. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने पुन्हा पुन्हा खुडता येणारा ‘को-३’ हा राजगिरावर्गीय वाण दिला, बंगळुरूच्या संस्थेने जांभळट पानांचा ‘अर्का अरुणिमा’, तर दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण दुरंगी’. एकदा पेरून अनेकदा खुडता आलं, की लहान शेतकऱ्याला आणि परसबागेलाही परवडतं.

चेन्नईच्याच तरमणी भागात मुख्यालय असलेल्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने आपल्या वर्धा जिल्ह्यातही शेती आणि पोषण यांची सांगड घालणारा प्रकल्प राबवला. त्यात घराजवळच्या पोषणबागांवर भर होता.

घरी एवढं करा

• पालेभाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा आणि नीट शिजवा. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीतून ‘ए’, ‘ई’ घरात येऊ शकतात.
• वरून लिंबू पिळा, त्यामुळे भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.
• डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी. झाडपाला द्यायचा असेल, तर तोही डॉक्टरांना विचारूनच.
• घरात एकाला ‘बी’ निघाला, तर बाकीच्यांनीही तपासून घ्या.

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. हा ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. यंदा त्या दिवशी ताटात माठाची भाजी करा, आणि ज्यांनी कधीच तपासणी केली नाही त्यांना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा.