विदूषकाचे हसणे आणि आमची मुले

उलव्याच्या आमच्या वसतिगृहात नवे मूल येते, तेव्हा रात्री ते उशीत तोंड खुपसून रडते आणि दिवसा त्याच्या बोलण्याला कुणीतरी हसते. मराठवाड्यातून आलेल्या एका मुलाने वर्गात ‘अभ्यास करायलोय’ म्हटले, तेव्हा सारा वर्ग हसला. पुढे चार दिवस तो बोललाच नाही.

हसणे वाईट नाही. ते कोणावर रोखले आहे हे महत्त्वाचे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी शेतकऱ्याला व त्याच्या गरोदर पत्नीला ग्रहदशेचे भय दाखवून लुबाडतो. तेथे विदूषक आहे. तो त्या लबाडीची थट्टा करतो, प्रेक्षकांना हसवता हसवता फसवणुकीची रीत उघडी पाडतो. शेवटी ते जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला निघते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून यायला 1979 साल उजाडले. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनीही गाण्यांच्या जोडीने विनोदी संवादांतून रूढींचा पोकळपणा दाखविला.

असे हसणे बळ का देते? ज्या गोष्टीला आपण हसू शकतो, तिच्याकडे आपण थोडे दुरून पाहू लागतो आणि तिचा धाक कमी होतो. शिवाय सर्व मिळून हसलो, की हे दुःख आपल्या एकट्याचे नाही हेही कळते. मात्र दुर्बळावर रोखलेले हसे मुलाला अधिकच एकटे पाडते.

म्हणून आम्ही वर्गाला रागावलो नाही. आमच्यातील एका विदर्भाकडील शिक्षकांनी आपल्या पहिल्या मुलाखतीची फजिती सांगितली. ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला ते म्हणाले, ‘शिकवून राहिलो.’ ‘कुठे राहिलात?’ असे विचारताच त्यांनी खोलीचा संपूर्ण पत्ता सांगितला! वर्ग खो-खो हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून तो मुलगा म्हणाला, ‘सर, तुम्ही राहिलात, मी आत्ता कुठं यायलोय.’ त्या दिवसापासून दर शनिवारी प्रत्येकजण आपल्या गावचा एक शब्द फळ्यावर लिहितो.

विनोदाने अन्याय संपत नाही, हेही मुलांना सांगावे लागते. विदूषकाच्या थट्टेनंतर रात्रशाळा आहे, हे विसरून चालणार नाही. आणि जे मूल सदैव इतरांना हसवते, त्याचीही एकांतात विचारपूस व्हावी. कधी कधी रडू लपविण्याचा तोच एक मार्ग त्याला ठाऊक असतो.

पालकांना एवढीच विनंती : सुट्टीत मूल घरी आले, की गुणांबरोबर हेही विचारा, ‘यंदा कशाला हसलास? आणि तुझ्याबरोबर कोण हसले?’