कुत्र्याचा जनुकीय तपासणी-अहवाल कसा वाचावा?

शेताच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आता मळ्यांवर व वाड्यावस्त्यांवर देशी कुत्र्यांबरोबर अल्सेशियन, लॅब्राडोर यांसारखी विदेशी जातींची कुत्रीही दिसतात. त्यांची पैदास करणारे काही जण पिल्लासोबत जनुकीय तपासणीचा अहवाल देतात. हा अहवाल चुकीचा वाचला गेल्यास चांगली मादी विनाकारण पैदाशीतून बाद होते. अथवा धडधाकट दिसणाऱ्या जोडीपासून पुढे आंधळी होणारी पिल्ले निपजतात. यास्तव त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून येते. म्हणून बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केलेले आनुवंशाचे नियम येथेही लागू पडतात. पुष्कळ आनुवंशिक रोग दोन्ही प्रती सदोष असल्यासच प्रकट होतात. अशा रोगांबाबत अहवालात तीन शब्द आढळतात. 'निर्दोष' म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. 'वाहक' म्हणजे एक प्रत सदोष. असे जनावर स्वतः आजारी पडत नाही, परंतु दोष पुढील पिढीस देऊ शकते. 'बाधित' म्हणजे दोन्ही प्रती सदोष.

लॅब्राडोर व कॉकर स्पॅनियल या जातींत डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा एक रोग याच रीतीने उतरतो. प्रथम रात्री दिसेनासे होते व पुढे पूर्ण अंधत्व येते. वाहक मादीस निर्दोष नर दाखविल्यास या दोषाने एकही पिल्लू आंधळे होत नाही. सरासरीने निम्मी पिल्ले वाहक निघतात. दोन्ही वाहक असल्यास मात्र प्रत्येक पिल्लू बाधित होण्याचा संभव चारात एक असतो. चार पिल्लांत नेमके एकच बाधित निघेल असा याचा अर्थ नव्हे. तात्पर्य, इतर गुणांनी उत्तम असलेली वाहक मादी टाकून देऊ नये. तिच्यासाठी नर तपासून निवडावा.

सर्वच दोष इतके सरळ नसतात. अल्सेशियनमध्ये उतारवयात मागील पाय लुळे पडण्याच्या एका रोगाशी संबंधित जनुक २००९ साली उजेडात आले. त्याच्या दोन्ही सदोष प्रती असलेली सर्व कुत्री आजारी पडत नाहीत. म्हणून तेथे 'बाधित' याचा अर्थ 'धोका अधिक' एवढाच घ्यावा. खुब्याच्या सांध्याचा दोष अनेक जनुकांवर, तसेच खुराक व वजनावर अवलंबून असतो. तो ओळखण्यास क्ष-किरण तपासणीच हवी.

एमडीआर-१ या जनुकाचा दोष पशुपालकांनी विशेष ध्यानात ठेवावा. तो कॉली जातीत फार आढळतो व अल्सेशियनमध्येही सापडतो. त्याचा शोध २००१ साली लागला. निरोगी कुत्र्याच्या मेंदूत काही औषधे शिरू नयेत अशी शरीरात व्यवस्था असते. या दोषामुळे ती ढासळते. गोचीड व जंत यांसाठी गुरांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याच्या पोटात गेल्यास लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, झोकांड्या जाणे व प्रसंगी मृत्यू ओढवतो. येथे एकच सदोष प्रत असलेले कुत्रेही काही अंशी संवेदनक्षम असते, म्हणून 'वाहक' या शब्दाने निश्चिंत राहू नये. गुरांच्या औषधाची बाटली कुत्र्यासाठी आपल्या मनाने वापरू नये. औषध दिलेल्या गुरांचे ताजे शेणही त्यास खाऊ देऊ नये.

नमुना गालाच्या आतील बाजूचा किंवा रक्ताचा घेतात. कुत्र्यास नुकतेच खाऊ घातले असल्यास अथवा पिल्लू आईस पीत असल्यास गालाचा नमुना लगेच घेऊ नये. अहवालावरील ओळख त्याच जनावराची आहे ना, हे पडताळून पाहावे. जनुके जन्मभर बदलत नाहीत. त्यामुळे एका दोषाची तपासणी नीट झाली असल्यास ती पुन्हा करण्याचे कारण नाही.

'निर्दोष' हा निर्वाळा तपासलेल्या दोषापुरताच असतो. विदेशी जातींवरून बसविलेली चाचणी आपल्या कारवानी कुत्र्यातील इतर दोष दाखवील असे नाही. तसेच पिसाळरोगाची लस कोणत्याही अहवालाने टळत नाही. जोडी लावण्यापूर्वी नर व मादी या दोघांचे अहवाल पशुवैद्यकास एकत्र दाखवावेत, आणि पिल्लू विकताना त्यांच्या प्रती घेणाऱ्याच्या हाती द्याव्यात.