गाडी तीच, पल्ला वाढला

एखादी मोटारसायकल तेवढ्याच पेट्रोलमध्ये अचानक जास्त अंतर जाऊ लागली, तर आपण काय म्हणू? मिस्त्रीने इंजिन साफ केले असेल, चाकांत हवा भरली असेल. पण कोणी पान्याला हातही लावला नाही, एकही भाग बदलला नाही, आणि तरीही गाडी जास्त चालू लागली तर? विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत असे खरोखर घडले आहे.

जग्वार कंपनीची ‘आय-पेस’ ही विजेची गाडी 2018 साली बाजारात आली. ही कंपनी मूळची इंग्लंडची. पण 2008 मध्ये ती मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. डिसेंबर 2019 मध्ये कंपनीने जाहीर केले, की ज्यांच्याकडे आय-पेस आहे त्यांनी ती विक्रेत्याकडे आणावी. तिचे सॉफ्टवेअर विनामूल्य बदलून मिळेल आणि रोजच्या वापरात ती एका चार्जिंगमध्ये 20 किलोमीटरपर्यंत जास्त जाईल.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांची यादी. मराठीत तिला ‘आज्ञावली’ असेही म्हणतात. विजेच्या गाडीत अनेक छोटे संगणक असतात. बॅटरीतून किती वीज घ्यायची, ती कोणत्या मोटरला द्यायची, बॅटरी केव्हा थंड करायची, हे सारे ते ठरवतात. हुकूम बदलले की गाडीची वागणूक बदलते.

आय-पेसमध्ये दोन मोटर आहेत. एक पुढच्या चाकांसाठी आणि दुसरी मागच्या चाकांसाठी. गाडी संथपणे चालली असेल, तेव्हा दोन्ही मोटरनी किती जोर लावायचा याचा हिशेब नव्या आज्ञावलीने काटकसरीने मांडला.

दुसरा बदल ब्रेकचा होता आणि मला तो सर्वांत गमतीचा वाटतो. जुन्या सायकलींना डायनामो असे. तो चाकाला टेकवला की दिवा लागे, पण पायडल मारणे जड जाई. तुमच्या दादाजानना विचारा, ते सांगतील! म्हणजे चाकाच्या गतीतून वीज तयार होते आणि त्याच वेळी चाकाला अडथळाही होतो. विजेच्या गाडीचा वेग कमी करताना मोटर हेच काम करते. ती डायनामो बनते, गाडी मंदावते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. साध्या ब्रेकमध्ये हीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. मात्र यात एक अडचण आहे. खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यात नवे प्रवासी भराभर चढू शकत नाहीत, तशी जवळजवळ पूर्ण भरलेली बॅटरी वीज भराभर घेऊ शकत नाही. अशा वेळीही पूर्वीपेक्षा जास्त वीज परत मिळावी, अशी सोय नव्या आज्ञावलीत केली होती.

गाडीच्या तोंडाशी हवा आत घेणाऱ्या झडपा असतात. त्या उघड्या असल्या की आतले भाग थंड राहतात, पण हवेचा विरोध वाढतो. वेग दुप्पट झाला की हा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून गरज नसेल तेव्हा झडपा जास्त वेळ बंद ठेवण्याचा हुकूम दिला गेला. यांतल्या अनेक गोष्टी अभियंत्यांना आय-पेस गाड्यांच्याच ‘ई-ट्रॉफी’ नावाच्या शर्यतींतून समजल्या होत्या.

आणखी एक बदल होता; त्याला मात्र बचत म्हणता येणार नाही. बॅटरीत नेहमी थोडी वीज राखून ठेवलेली असते. त्या शिल्लकीतला थोडा भाग वापरण्यास परवानगी मिळाली, इतकेच. आज्ञावली वीज निर्माण करत नाही. गाडीचे वजन, टायरचे घर्षण आणि रस्त्याचा चढ यांच्यावर तिचा हुकूम चालत नाही.

ही आज्ञावली उलट दिशेनेही काम करू शकते. अमेरिकेतील टेस्ला कंपनी आपल्या गाड्यांना आज्ञावली बिनतारी मार्गाने पाठवते. गाडी घरासमोर उभी असतानाच ती बदलते. 2019 साली अशाच एका बदलानंतर ‘मॉडेल एस’ जातीच्या काही गाड्यांची बॅटरी पूर्वीइतकी भरेनाशी झाली आणि त्यांचा पल्ला घटला. बॅटरीचे रक्षण व्हावे आणि ती जास्त टिकावी म्हणून हा बदल केला, असे कंपनीचे म्हणणे होते. ते कारण चुकीचे नाही. लिथियमच्या बॅटरीला काठोकाठ भरणे मानवत नाही. पण मालकांचा प्रश्नही रास्त होता. आम्ही पैसे मोजले ते अमुक पल्ल्याच्या गाडीसाठी, मग आम्हांला न विचारता तो कमी का केला?

प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. 2021 साली तडजोड झाली आणि कंपनीने 15 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. 1,743 गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी सुमारे 625 डॉलर मिळायचे होते. त्यांपैकी बहुतेक गाड्यांवरची मर्यादा त्याआधीच उठली होती, आणि तीही दुसऱ्या एका आज्ञावलीनेच.