ओटी बंद, घर चालू

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला तो कायमचा. पोरांच्या शाळेला सुट्टी रविवारी. म्हणजे मी घरी असतो तेव्हा ते शाळेत आणि ते घरी असतात तेव्हा मी मशीनवर. थोरला तिसरीत आहे, धाकटा मोठ्या गटात. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी भेट होते. दुसऱ्या शिफ्टला रात्री बारा-साडेबाराला घरी येतो तेव्हा दोघंही गाढ झोपलेले. त्यामुळे रविवारी सकाळी पप्पा घरात दिसले की पोरं बरोबर ताडतात, कंपनीत काम नाही.

मी सीएनसी मशीनवर सेटर आहे. आमचं वर्कशॉप मोठ्या वाहन कंपनीला थेट माल देत नाही. वाहन कंपनीला गिअरबॉक्सचे भाग देणारी एक कंपनी आहे, तिला माल पुरवणारी दुसरी, आणि त्या दुसरीचं जॉबवर्क आम्ही करतो. वरून दर महिन्याला किती नग हवेत त्याचा आकडा उतरत येतो. त्याला सगळे शेड्यूल म्हणतात. वरच्या कंपनीनं शेड्यूल थोडं कमी केलं तर मधला पुरवठादार आधी गोदामातला साठा संपवतो, मग स्वतःची मशीनं चालवतो, आणि बाहेर देण्याचं काम सगळ्यात शेवटी देतो. वर दहा टक्के कमी झालं की खाली आमच्याकडचं निम्मं काम जातं, ते असं. वर्कशॉपमध्येही क्रम ठरलेला असतो. पहिल्यांदा ओव्हरटाइम, म्हणजे ओटी बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, मग ठेकेदाराची माणसं कमी, आणि तरीही भागलं नाही तर कायम कामगारांना घरी बसवणं.

२०२५ सालचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं सांगितलं. छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार हे ३ सप्टेंबरला पक्कं झालं आणि अंमल सुरू झाला २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. गाडी स्वस्त होणार हे कळल्यावर आज कोण घेईल? गिऱ्हाईक थांबलं, शोरूमवाले थांबले, शेड्यूल आटलं. त्याच मधल्या दिवसांत, २७ ऑगस्टला, गणपती बसले. ओटी बंद आणि घरात गणपती, असा तो महिना गेला. नवरात्रापासून मात्र गाड्यांवर उड्या पडल्या आणि दिवाळीपर्यंत आम्हाला गुरुवारचीही सुट्टी मिळेना. निर्णय चांगला होता, गाडी घेणाऱ्यांचे पैसे वाचले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण टीव्हीवर ‘वाहनविक्रीत मोठी वाढ’ असं ऐकताना त्याआधीचे पाच आठवडे कुणाच्या घरात कसे गेले, ते कुणी सांगत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि उन्हाळ्यानंतर विजेवरच्या दुचाकींचं उत्पादन अडलं. चीनमधला एक परवाना अडकतो आणि मोशी-चिखलीच्या चाळीत दुधाची एक पिशवी कमी होते.

माझा हजेरीचा पगार हातात सतरा हजारांच्या आसपास पडतो. ओटी चांगला असला तर चोवीसपर्यंत जातो. कायद्यानं ओटी दुप्पट दरानं द्यावा लागतो; तसा तो किती ठिकाणी मिळतो हे कामगारांनाच विचारलेलं बरं. आमच्या शेजारी एका शाळेतले शिपाई राहतात. त्यांचा पगार माझ्या चांगल्या महिन्यापेक्षा बराच कमी आहे, पण तो ठरलेला आहे. त्यांच्या घरी किराणा उधार येत नाही, आमच्याकडे यायचा. बरीच वर्षं मला याचा राग यायचा. नंतर ध्यानात आलं की ते महिना सुरू होण्याआधी खर्च ठरवतात आणि आम्ही पगाराची स्लिप हातात पडल्यावर ठरवत होतो. पैसे कमी असले तरी माणूस त्यात बसतो. किती येणार हेच ठाऊक नसलं तर बसायचं कशात?

आता घर फक्त हजेरीच्या पगारावर चालतं. भाडं साडेसात हजार, शाळेच्या व्हॅनचे अकराशे, किराणा, गॅस, दूध, वीज एवढंच त्यातून. ओटीचे पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि त्यातून शाळेच्या फीचे हप्ते, बूट, दप्तर, गावाकडचं येणं-जाणं होतं. बायको फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई करते, त्यातून तिची भिशी आणि दवाखाना. तिच्या कामालाही हंगाम आहे, पण तो उलटा पडतो. लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी तिच्याकडे साड्यांचा ढीग लागतो. आमचा ओटी बंद होता त्या गणपतीत घर तिच्या मशीननंच ओढलं. नातेवाईक मला विचारतात, ‘वहिनी अजून शिवणकाम करतात का?’ जसं काही तो तिचा फावल्या वेळातला छंद आहे.

दोन मुलगे म्हटल्यावर गावाकडे लोक म्हणतात, तुम्हाला काय काळजी, म्हातारपणाची सोय झाली. म्हातारपण दूर आहे. आज दोघं मिळून किती पोळ्या खातात ते त्यांनी येऊन पाहावं. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीला टाचेला लागतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो, पण पँट होत नाही, कारण गुडघे त्याआधीच फाटलेले असतात. गावाकडून आई तूरडाळ आणि ज्वारी पाठवते म्हणून बरं. आमचं गाव औसा तालुक्यात, शेत सोयाबीनचं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला त्यात शेंगा शेतातच काळ्या पडल्या. हमीभाव जाहीर झाला होता क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या खालीच होता. त्या वर्षी गावाकडून पैसे येणं दूरच, आम्हीच पाठवले.

पोरांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आधी आमचं ठरलेलं होतं. पैशाचं बोलणं ती झोपल्यावर, हळू आवाजात, स्वयंपाकघरात. एका सकाळी व्हॅनवाले काका पैशाचं विचारायला लागले तर माझ्याआधी थोरलाच म्हणाला, ‘काका, या महिन्यात पाच तारखेला नाही, दहाला देऊ. पप्पांचं शेड्यूल नाही आलं.’ व्हॅनवाले हसले आणि म्हणाले, चालेल साहेब. मी गप्प. म्हणजे पोरगं रात्री जागं होतं आणि सगळं ऐकत होतं, आणि ऐकलेल्याचा अर्थ एकटंच लावत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला विचारलं, शेड्यूल आलंच नाही तर आपल्याला गावाकडे जावं लागेल का?

त्या प्रश्नानंतर आम्ही हळू आवाजात बोलणं बंद केलं. महिन्यातून एकदा पगाराची स्लिप जमिनीवर पसरतो आणि चौघं तिच्याभोवती बसतो. थोरल्याला हातच्याची वजाबाकी शिकवायला दुसरं पुस्तक लागलं नाही. सतरा हजारांतून साडेसात हजार वजा, मग व्हॅन वजा, मग किराणा. धाकट्याला आकडे कळत नाहीत, तो बाकी राहिलेल्या रकमेचं नाव ठेवतो. कधी ‘बारकी’, कधी ‘जाडी’. अभ्यासाला बसवलं की तो म्हणतो, आज माझं शेड्यूल नाही. आकडा समोर दिसल्यावर पोरांची भीती कमी होते, हा माझा अनुभव आहे. न दिसणारा आकडा त्यांच्या डोक्यात कितीही मोठा होतो. पण सगळंच सांगतो असंही नाही. भावाकडून उसने घेतले, एक अंगठी सोनेतारण ठेवली, हे आम्ही सांगितलेलं नाही. सांगून त्या वयात ते करणार काय?

सोनेतारणाबद्दल एक गोष्ट मात्र मोठ्यांना सांगायला हवी. बँका आणि वित्त कंपन्या वर्षानुवर्षे सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देत आल्या. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ८५ टक्के झाली. जास्त पैसे मिळतात म्हणून खूश होण्याआधी हे पाहावं की व्याज साचलं तर दागिना लिलावाला जायला मधलं अंतर आता कमी उरतं. तरीही फोनवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जापेक्षा सोनेतारण शंभर पटींनी बरं. फोनवरच्या कर्जाचा वार्षिक दर लेखी मागा. देणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच परत फिरा.

शिफ्ट कमी असली की मी सकाळी घरी असतो. बायको गिऱ्हाइकांचे ब्लाउज पूर्ण करत असते, म्हणून डबे मी भरतो. भाजी मला आधीपासून येते, कारण लग्नाआधी खोलीवर पाच जण राहायचो आणि पाळ्या लावलेल्या होत्या. पोळ्या मात्र इथे शिकलो. थोरल्यानं हे बिल्डिंगमध्ये सांगितलं तेव्हा एक मुलगा हसला, म्हणे तुझे पप्पा घरी पोळ्या लाटतात, मग कंपनीत कोण जातं? थोरल्यानं उत्तर दिलं, ‘काम असलं की कंपनीत जातात, नसलं की पोळ्या करतात.’ मला स्वतःला हे इतक्या सरळ बोलता आलं नसतं. काम गेलेल्या दिवसांत मी कितीतरी पुरुष पाहिले आहेत जे डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडतात आणि दिवसभर चहाच्या टपरीवर, नाहीतर देहू रोडला मित्राच्या खोलीवर बसून संध्याकाळी परततात. घरात सांगायची लाज. ही लाज ते कुठून शिकले? मुलग्यांना लहानपणापासून एकच माप लावतात, मोठा होऊन किती कमावणार. माझ्या पोरांना हे माप जग लावणारच आहे. निदान आमच्या घरात तरी कमाई नसलेल्या दिवशीही बापाला हातात काम असतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर राहावं.

शाळेची फी थकली की दुसरा प्रश्न उभा राहतो. आमच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्यानं मुलाला खासगी शाळेतून महापालिकेच्या शाळेत घालायचं ठरवलं तर जुनी शाळा थकलेल्या फीसाठी दाखला देईना. पालक अशा वेळी घाबरून वर्षच वाया घालवतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. सहकाऱ्याच्या मुलाला प्रवेश मिळाला. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. घरातल्या म्हाताऱ्यांनी इंग्रजी माध्यम सुटलं म्हणून तोंड पाडलं, मुलानं नाही. त्याला मैदान मोठं मिळालं.

कामगार बंधूंनो, आणि भगिनींनो, काम चालू आहे तोवर दोन गोष्टी तपासा. काम गेल्यावर ऑफिसातली माणसं फोन उचलत नाहीत. स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, ०.७५ टक्के कपात होते का पाहा, मालकाचे ३.२५ टक्के त्याच्यावर असतात. पगार २१,००० पर्यंत असला तर तुम्ही त्यात बसता, आणि ही मर्यादा मोजताना ओटी धरत नाहीत. कार्डावर बायकोमुलांची नावं आणि आधार जोडलेलं आहे ना, हे बघून घ्या. आमच्याकडचे लोक त्यासाठी चिंचवडच्या मोहननगरला जातात. याच ईएसआयमध्ये २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळतात. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालवलेली आहे, म्हणून ती सध्या चालू आहे का आणि तुमची वर्गणी पुरते का, हे शाखेत जाऊन विचारा. दुसरं, पीएफचा यूएएन, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि बँक खातं. १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि उरलेली १२ महिन्यांनी. पण खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं जरी वेगळं असलं तर अर्ज अडकतो. ती दुरुस्ती पुढच्या गुरुवारी करून टाका.