तळेगावचे समर्थ विद्यालय

पुण्याहून आगगाडीने लोणावळ्याकडे जाताना वाटेत मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे हे गाव लागते. सेनापती दाभाड्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती आहे; परंतु शिक्षणाच्या इतिहासातही त्याला मानाचे स्थान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील एका लहानशा शाळेची बलाढ्य ब्रिटिश सरकारला धास्ती वाटली. ती शाळा म्हणजे समर्थ विद्यालय होय.

त्या काळी हायस्कुलातील बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवीत. ज्या मुलाच्या कानांवर घरी, शेतावर वा बाजारात इंग्रजीचा एक शब्दही पडत नसे, त्याला भूमितीही त्याच भाषेतून शिकावी लागे. विषय समजून घेण्यापेक्षा वाक्ये पाठ करण्यातच त्याची शक्ती खर्च होई. हातांना उद्योगाचे वळण लागत नसे. शिक्षण संपले की बहुतेकांची दृष्टी सरकारी नोकरीकडे वळे.

ही स्थिती पालटावी, असे विष्णु गोविंद विजापूरकर यांना तळमळीने वाटे. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मराठीत सर्व प्रकारचे ज्ञान यावे म्हणून त्यांनी ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालविले होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीची चळवळ पसरली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीचा लोकमान्य टिळकांनी पुरस्कार केला. १९०६ साली विजापूरकरांनी समर्थ विद्यालय स्थापन केले. समर्थ रामदासांचे नाव धारण करणारी ही शाळा पुढे तळेगावी आली.

राष्ट्रीय शिक्षण म्हणजे काय? मुलांना मातृभाषेतून ज्ञान द्यावे, आपल्या देशाचा इतिहास व धर्म यांची ओळख करून द्यावी आणि हातांना उद्योग शिकवावा, हा त्याचा आशय होता. अशा शाळा सरकारचे अनुदान घेत नसत. म्हणून शिकवावे काय, हे त्या स्वतः ठरवीत. मात्र या स्वातंत्र्याची किंमत थोडी नव्हती. पैसा लोकांकडून मिळवावा लागे, आणि तेथे शिकलेल्या मुलांना सरकारी नोकरीची वाट बहुधा बंद असे. तरीही पालक आपली मुले तेथे पाठवीत. याच तळेगावात १९०८ साली अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून काचेचा कारखाना निघाला. लोकांच्या पैपैशातून उद्योग उभा राहू शकतो, हे मुलांना गावातच दिसू लागले.

सरकारला हे रुचले नाही. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात आलेल्या एका लेखावरून त्यांच्यावर खटला झाला. लेख दुसऱ्याचा होता. तरी विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला. पाठोपाठ १९१० साली सरकारने समर्थ विद्यालयही बंद पाडले. शाळेपाशी ना तोफा होत्या, ना फौज. परंतु तेथील मुले स्वतंत्रपणे विचार करू लागतील, हीच सरकारची भीती होती.

तुरुंगातून सुटल्यावर विजापूरकर स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी तळेगावातच पुन्हा शाळा उभी करण्याचे काम हाती घेतले. १९२६ साली ते निवर्तले; परंतु नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने ते नाव तळेगावात टिकून राहिले. आज मराठीतून गणित व शास्त्र शिकणे मुलांना सहज वाटते. एके काळी त्यासाठी एका शिक्षकाला तुरुंगाची वाट चालावी लागली आणि एका शाळेला आपले दार मिटावे लागले.